नॅरोबोटीतून पहिल्यांदा लॉक ओलांडताना

उन्हाळा जवळ आला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत नॅरोबोटीचा विषय निघतोच. आई-बाबा भारतातून येणार असतात, लंडन-एडिंबरा मागच्या खेपेला झालेलं असतं, आणि कालव्यातून संथपणे जाणारी, आत स्वयंपाकघर आणि बिछाने असलेली लांबुळकी बोट आठवडाभर भाड्याने मिळते हे कोणीतरी सांगितलेलं असतं. मग प्रश्न सुरू होतात. परवाना लागतो का? आम्हाला पोहता येत नाही, चालेल का? आणि ते लॉक म्हणतात ते आपल्याला जमेल का?

भाड्याच्या नॅरोबोटीसाठी चालकाचा परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस इंजिन, सुकाणू आणि लॉकचं काम शिकवतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट आधीच मागून ठेवा आणि लॉकवर ते घालूनच वावरा. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेच्या आसपासच खोल असतो, पण लॉकचं तसं नाही. तिथे पाणी खोल, भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या असतात. लॉक जमतं, अगदी व्यवस्थित जमतं. त्यासाठी ताकद लागते त्याहून कितीतरी जास्त लक्ष लागतं. माझं मत विचाराल तर लॉकमध्ये होणाऱ्या बहुतेक गडबडींचं मूळ एकच असतं: काठावरचा माणूस हँडलकडे बघत असतो आणि बोटीकडे कोणीच बघत नसतं. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं फिरून इथेच येतं.

लॉक म्हणजे काय

शाळेत पनामा कालव्याच्या धड्यात जहाजं पायऱ्या चढतात असं वाचलं असेल, तेच इथे लहान आकारात. जमीन उंच-सखल, पण कालव्याचं पाणी सपाट हवं. म्हणून जिथे पातळी बदलते तिथे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगड-विटांचा एक हौद बांधलेला असतो. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदात पाणी भरायचं किंवा त्यातून सोडायचं, पातळी समोरच्या कालव्याइतकी झाली की पुढचा दरवाजा उघडून बाहेर पडायचं. पंप नाही, मोटर नाही. पाणी स्वतःच्या वजनाने वरून खाली जातं आणि सगळं काम तेच करतं.

अरुंद लॉक साधारण 7 फूट रुंद आणि 72 फूट लांब असतं. हे माप जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या काळातलं. 1766 साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं, त्यासाठी त्याने अरुंद लॉक निवडलं आणि मध्य इंग्लंडमधल्या अनेक कालव्यांनी तोच कित्ता गिरवला. म्हणून नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते. लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम इंच-दोन इंच उरतात. त्यामुळे शिरण्याआधी बोटीच्या कडेला लटकणारे फेंडर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या उशा, वर ओढून घ्यायचे. ते मध्ये अडकले की बोट पाचरीसारखी फसते.

प्रत्येक दरवाज्याला काठावर आडवी येणारी जाड तुळई असते, तिला बीम म्हणतात. बीमला पाठ टेकवून, पाय रोवून, मागे रेलत चाललं की दरवाजा फिरतो. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांना पॅडल म्हणतात. काही दरवाज्यातच असतात, काही काठावर जमिनीत, आणि ही जमिनीतली पॅडलं हौदाच्या तळाशी पाणी सोडतात. पॅडल उचलायला विंडलास लागतं. विंडलास म्हणजे काटकोनात वळलेलं लोखंडी हँडल, एका टोकाला चौकोनी भोक असलेलं. ते गिअरच्या दांड्यावर बसवून फिरवलं की दातेरी पट्टी वर येते आणि पॅडल उघडतं. ते वर टिकवून धरतो एक छोटा खटका, पॉल. हा खटका दातात नीट बसलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हँडल सोडायचं नाही, आणि बसला की विंडलास लगेच काढून हातात घ्यायचं. दांड्यावर तसंच ठेवलं आणि खटका निसटला तर पॅडल दाणकन खाली येतं आणि हँडल गरगर फिरत सुटतं. असं झालं तर पकडायला जाऊ नका, मागे व्हा. पॅडल पडलं तर पडू दे.

निघण्याआधी

पहिल्या सहलीसाठी माझी शिफारस लँगॉलन कालव्याच्या वेल्सकडच्या टोकाची. ट्रेव्हरहून निघून एल्समीअरपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाताना 1805 मध्ये बांधून झालेला, टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांचा पाँटकसल्टे जलसेतू लागतो. डी नदीच्या 126 फूट वरून लोखंडी पन्हळीतून बोट जाते आणि एका बाजूला कठडाच नाही. पुढे चर्कचा बोगदा. आणि एवढ्या टप्प्यात लॉक फक्त दोन, न्यू मार्टनची. शिकायला पुरेशी आणि कंबर मोडणार नाही इतकी.

एक गंमत मात्र ध्यानात असू द्या. आपल्याकडे कालवा म्हटलं की पुण्यातल्या मुठा उजव्या कालव्यासारखा वाहता पाट डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमधले बहुतेक कालवे बोटींसाठी खणलेले, त्यांचं पाणी जवळपास उभंच असतं. लँगॉलन कालवा अपवाद आहे. डी नदीचं पाणी त्यातून वाहत पार हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत पिण्यासाठी जातं. त्यामुळे लॉकच्या बाजूने जादा पाणी सोडणारी मोरी, म्हणजे बायवॉश, इथे चांगलीच जोरात वाहते. खालून लॉककडे येताना ती बोटीचं तोंड बाजूला ढकलते. त्या जागी फार रेंगाळू नका. थोडा वेग ठेवून, तोंड किंचित बायवॉशच्या दिशेला ठेवून सरळ आत या.

घरातली कामं वाटून घ्या. कालव्यावर कुठेही बघा, नवरा सुकाणू धरून उभा आणि बायको विंडलास घेऊन दरवाजे ढकलतेय, हेच चित्र. मला हे कधी कळलेलं नाही. सुकाणूला ताकद लागत नाही, नजर लागते; दरवाज्याला ताकद लागते. ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो काठावर, ज्याला धीर आहे तो सुकाणूवर. सासरे निवृत्त असोत की जावई हौशी, हिशेब हाच. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना लॉक चालू असताना एक तर आत बसवा, नाही तर काठावर हौदापासून लांब उभं करा. बोटीच्या पुढच्या टोकावर किंवा टपावर कोणी नको.

पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. ओढणी, साडीचा पदर, लांब मफलर हे सगळं गिअरच्या दातांपासून दूर. काठावर जाणाऱ्याने ते आत ठेवूनच उतरावं. आणि बोट भिंतीला लागतेय असं दिसलं तरी हातापायाने ढकलायचं नाही. ती पंधरा टनांच्या आसपासची असते. भिंतीला लागली तर रंग जाईल, मध्ये हात आला तर हात जाईल.

उतरताना

ट्रेव्हरहून निघालात तर दोन्ही लॉक जाताना उतरायची येतात, म्हणून आधी उतरण्याचंच सांगते. तसंही खरी काळजी इथेच घ्यायची असते.

1. लॉकच्या अलीकडे थांबण्याची जागा असते, खुंटे रोवलेली. तिथे बोट लावा, काठावरची मंडळी विंडलास घेऊन उतरतील. सुकाणूवाला मधल्या दोराने बोट धरून ठेवतो.

2. लॉकपर्यंत चालत जा आणि बघा. हौद भरलेला आहे की रिकामा? खालून कोणी येतंय का? हौद रिकामा असेल आणि खालून बोट येत असेल तर पहिला मान तिचा. तिला वर येऊ द्या. ती बाहेर पडेल तेव्हा हौद तुमच्यासाठी भरलेलाच असेल. उगीच भरून घेतलात तर लाखभर लिटर पाणी वाया गेलं. इथे त्याची फार किंमत आहे. 2025 च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी कित्येक कालवे बोटींना बंद करावे लागले होते.

3. हौद भरलेला असेल तर वरचा दरवाजा उघडा. पातळी सारखी असेल तर तो हळूहळू हलतो. हलत नसेल तर पातळीत अजून थोडा फरक आहे असं समजा आणि थांबा. दोघातिघांनी मिळून जोर लावण्यात अर्थ नाही, पाणी सम होईपर्यंत तो हलणारच नाही.

4. बोट आत घ्या, चालण्याहूनही हळू. मागचा, म्हणजे वरचा दरवाजा लावा आणि त्या बाजूची सगळी पॅडलं खाली आहेत हे बघा.

5. आता उंबरा. इंग्रजीत त्याला सिल म्हणतात. वरच्या दरवाज्याखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा एक कट्टा हौदात पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरलं की उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्याच्यावर राहिलं तर पुढचं टोक पाण्यासोबत खाली जातं, मागचं अडकून राहतं, आणि बोट तिरपी होऊन पाणी आत शिरतं. बोटी बुडतात त्या अशा. उंबरा कुठपर्यंत आहे ते दाखवायला काठावर पांढरी रेघ आणि सिल अशी अक्षरं असतात. सुकाणूवाल्याने मागचं टोक त्या रेघेच्या बरंच पुढे ठेवायचं आणि लॉक रिकामं होईपर्यंत तिथेच टिकवायचं. 57 फुटी बोट असेल तर जागा भरपूर असते. 70 फुटी घेतलीत तर पुढे-मागे फूट-दीड फूटच उरतो. नवख्यांनी लांब बोट घेऊ नये असं मी म्हणते, त्यामागे हेच कारण.

6. काठावरच्याने सुकाणूवाल्याकडे बघायचं. त्याने हात वर केला की खालच्या दरवाज्याचं एक पॅडल अर्धं उचला आणि थांबा. बोटीकडे बघा. ती सरळ उतरतेय ना? पुढचा फेंडर दरवाज्याच्या फळीवर टेकला नाही ना? मागचं टोक रेघेच्या पुढेच आहे ना? सगळं ठीक असेल तर पूर्ण उचला, मग दुसरं. या चार-पाच मिनिटांत फोन नाही, फोटो नाही, शेजारच्या बोटवाल्याशी गप्पा नाहीत.

7. काही बिनसलं, बोट तिरपी दिसली, कोणी ओरडलं, की पहिलं काम म्हणजे खालची पॅडलं बंद करणं. पाणी थांबलं की बोट थांबते. मागचं टोक उंबऱ्यावर अडकलेलंच असेल तर खालचं सगळं बंद झाल्यावर वरचं पॅडल अगदी सावकाश उघडून पाणी परत भरायचं, बोट आपोआप उचलली जाते. क्रम चुकवू नका: आधी खालचं बंद, मग वरचं उघडं.

8. पातळी खालच्या कालव्याइतकी झाली की खालचे दरवाजे उघडा. अरुंद लॉकला खाली बहुधा दोन अर्धे दरवाजे असतात, दोन्ही पूर्ण उघडायचे. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला दरवाज्यावरची फळी आहे, कठडा धरून जा. दोन अर्ध्या दरवाज्यांमधल्या फटीवरून उडी मारणारे बरेच दिसतील. त्यांचं अनुकरण करू नका.

9. बोट बाहेर गेली की पॅडलं विंडलासने फिरवत खाली आणा, खटका काढून धाडकन सोडू नका. मग दरवाजे लावा. समोरून बोट लॉककडे येत असेल तर दरवाजे तसेच ठेवले तरी चालतात, आधी त्यांना हात करून विचारा.

उतरताना दोर वापरत असाल तर तो खुंट्याला कधीही बांधायचा नाही. नुसता एक वळसा घालून हातात धरायचा आणि बोट खाली जाईल तसा सोडत राहायचा. बांधलेल्या दोराला बोट लटकते. अरुंद लॉकमध्ये बहुतेक वेळा दोर लागतच नाही.

चढताना

परतीला सगळं उलटं. हौद रिकामा हवा, खालचे दरवाजे उघडून आत शिरायचं. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना ओल्या, काळ्या भिंती आणि समोर गळणारा उंच दरवाजा, असं दृश्य असतं. लहान मुलं घाबरतात किंवा खूष होतात, मधलं काही नाही. खालचे दरवाजे लावून, तिकडची पॅडलं खाली केली की वरच्या बाजूला या.

इथे एक क्रम पाळायचा. आधी जमिनीतलं पॅडल, अर्धंच. पाणी हौदात घुसताना बोट आधी मागे ढकलली जाते आणि मग पुढे ओढली जाते. सुकाणूवाल्याने इंजिनाने तिला आवरायचं. ती स्थिरावली की तेच पॅडल पूर्ण उघडा. वरच्या दरवाज्यातली पॅडलं असतील तर त्यांना घाई करू नका. त्यांची तोंडं पाण्याखाली जाईपर्यंत थांबा, नाहीतर तिथून सुटलेली धार थेट बोटीच्या पुढच्या बैठकीत पडते आणि दारातून आत शिरते. चढताना उंबऱ्याचा धोका नसला तरी पुढचा फेंडर दरवाज्याच्या एखाद्या फळीखाली अडकू शकतो. तसं दिसलं तर वरची पॅडलं लगेच बंद, आणि खालचं एखादं उघडून पातळी थोडी उतरवायची.

वर पोचल्यावर दरवाजा लावून निघा. मंडळी बोटीवर परत चढताना विंडलास मोजा.

रुंद लॉक आणि जिने

ग्रँड युनियनसारख्या कालव्यांवर लॉक 14 फूट रुंद असतात, त्यांत दोन नॅरोबोटी शेजारीशेजारी मावतात. मागून कोणी येत असेल तर थांबून त्यांना सोबत घ्या. पाणी निम्मं लागतं, दरवाजे ढकलायला चार हात जास्त मिळतात, आणि शेजारचा अनुभवी असेल तर फुकटची शिकवणी होते. एकट्याने गेलात तर बोट आत भेलकांडते, तेव्हा दोर लागतोच.

काही ठिकाणी लॉक एकाला एक जोडलेली असतात, वरच्या लॉकचा खालचा दरवाजा तोच खालच्याचा वरचा. याला स्टेअरकेस म्हणतात. यॉर्कशरमधलं बिंगलीचं पाच पायऱ्यांचं लॉक 1774 पासून चालू आहे, तिथे बोट 59 फूट चढते. लेस्टरशरमध्ये फॉक्सटनला पाच-पाचाचे दोन जिने आहेत आणि तिथली पॅडलं लाल आणि पांढरी रंगवलेली आहेत: लाल आधी, पांढरं नंतर. उलट केलंत तर पाणी भलतीकडे जातं. अशा जागी लॉककीपर असतात, पुष्कळदा स्वयंसेवक. ते थांबा म्हणाले की थांबायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. लँगॉलन कालव्यावरच एल्समीअरच्या बऱ्याच पुढे ग्रिंडली ब्रूकला तीन सुटी लॉक आणि तीन लॉकचा जिना आहे, पण ते दुसऱ्या खेपेला.

वेळेचा हिशेब

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. काठाला लागलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर आतल्यांचा चहा सांडतो आणि ते खिडकी उघडून दोन शब्द सुनावतात. वेळ काढण्याची सोपी रीत अशी: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिनाने भागा, तेवढे तास. बारा मैल आणि सहा लॉक असतील तर सहा तास. यात जेवण, लॉकवरची रांग आणि फोडणी घातल्यामुळे वाजणारा धुराचा अलार्म धरलेला नाही. नवख्यांनी दिवसाला पाच-सहा तासांच्या वर जाऊ नये. अंधार पडल्यावर भाड्याची बोट हलवायची नसते.

जोशात आखलेले बेत कसे दिसतात ते मला चांगलं माहीत आहे: पहिल्याच सहलीत टार्डबिगची सलग 30 लॉक, किंवा डिव्हायझेसजवळचं केन हिल, तिथे 29 लॉक दोन मैलांत. दोन्ही जागा बघण्यासारख्या आहेतच, पण आधी गाडीने जा, काठावर बसून डबा खा आणि दुसऱ्यांना दरवाजे ढकलताना बघा. अर्ध्या तासात जे समजेल ते कुठल्याही पुस्तिकेत मिळणार नाही.

बुकिंग करण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर आपल्या मार्गावर काही बंद आहे का ते बघा. 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे या संस्थेकडे आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्च दुरुस्त्या चालतात, आणि एक लॉक बंद म्हणजे त्या दिशेची सहलच बंद.

शेवटचं, विंडलासचं. कंपनी बहुधा दोन देते, तिसरं मागून घ्या. पहिल्या आठवड्यात एखादं पाण्यात पडतंच. कालव्यावरची जुनी मंडळी दोरीला मोठा लोहचुंबक बांधून तळ चाचपतात आणि बहुतेक वेळा हरवलेलं हँडल, कधी कधी दुसऱ्याचंही, वर काढतात. तुमचं विंडलास हलकं, ॲल्युमिनियमचं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. ते चुंबकाला चिकटत नाही.